उजव्या नाकातली नथ

दुबई सिलिकॉन ओएसिसच्या मागे, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि वाळू सुरू होते, तिथे पोर्तो शहराची एक भिंत उभी आहे. पोर्तो म्हणजे पोर्तुगालमधलं नदीकाठचं जुनं शहर. त्याची भिंत इथे वाळवंटात काय करते, हे विचारायला कोणी फिरकत नाही. पंधरा-वीस फूट रुंद, दोन पुरुष उंच, पांढऱ्या टाइल्सवर निळ्या रंगात द्राक्षांची तोडणी चाललेली. मागून बघितलं तर नुसते सिमेंटचे ब्लॉक. माझ्या ऑफिसच्या नवव्या मजल्यावरून ती काडेपेटीएवढी दिसते. गेली सहा वर्षं मी चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी उभी राहते आणि तिच्याजवळ जायचं टाळत आले. मागच्या आठवड्यात तिच्याभोवती पत्र्याचं कुंपण उभं राहिलं.

ती भिंत माझ्या बाबांची आहे. म्हणजे मालकीची नव्हे, इथे आमच्या मालकीचं काहीच कधी नव्हतं. तिचं चित्र बाबांनी काढलं होतं.

बाबा मूळचे पुण्याचे, पेशाने ड्राफ्ट्समन. इमारतींचे नकाशे काढणं हे त्यांचं काम आणि काढता काढता त्या इमारतींच्या प्रेमात पडणं ही त्यांची खोड. शारजाच्या हद्दीला लागून अल कुसैसला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहायचो. डोक्यावरून सारखी विमानं जायची. विमान आलं की बोलणारा माणूस वाक्याच्या मध्यावर थांबायचा आणि ते गेलं की तिथूनच पुढे सुरू करायचा. पुण्याहून आलेले पाहुणे बावचळून जायचे. तेव्हाच्या दुबईला जगातली सगळी शहरं हवी होती. बाबांच्या कंपनीच्या वाट्याला ‘लिटल पोर्तो’ आलं. वाळूत एक खोटी नदी, तिच्यावर पूल, काठाने पोर्तोमधली घरं, चर्च, रेल्वे स्टेशन, सगळं हुबेहूब. बाबांनी पोर्तो कधी पाहिलेलं नव्हतं. ऑफिसने फोटोंचे गठ्ठे हातात दिले आणि सांगितलं, यल्ला, चला, काढा.

दोन वर्षं पोर्तो आमच्या घरी राहायला होतं. फ्रिजवर क्लेरिगुश चर्चचा मनोरा, सडपातळ आणि दोनशेच्या वर पायऱ्यांचा. दूध काढताना माझा हात त्याच्या घंटेला लागायचा. सोफ्यामागे नदीवरचा दुमजली लोखंडी पूल. माझ्या अभ्यासाच्या टेबलावर एका पुस्तकांच्या दुकानातला लाल जिना, जो वर जाता जाता मध्येच दोन्हीकडे वळतो. आतून सोन्याने मढवलेलं चर्च बाथरूमच्या दारावर होतं, कारण दुसरीकडे कुठे जागाच उरली नाही असं आई म्हणाली. घरभर बटर पेपरचा तो कोरडा वास, त्यात पेन्सिलीच्या भुग्याचा आणि आईच्या फोडणीचा. अजूनही कोणी माझ्यासमोर बटर पेपरची गुंडाळी उलगडली की मला हिंग आठवतो.

एकदा बाबा ऑफिसातून पोर्तुगीज शब्दांचं छोटं पुस्तक घेऊन आले. बूट न काढताच वाचायला लागले.

“अगं, ऐकलंस का? आपल्याला अर्धी भाषा येतेच की! बटाटा म्हणजे बटाटा. पाव म्हणजे पाव. साबण, चावी, बादली, काजू, सगळं त्यांचंच. आणि आमच्या साइटवर तर विचारूच नकोस. मेस्त्री त्यांचा, घमेलं त्यांचं, बिजागरी त्यांची.”

“मग आपलं काय?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

बाबांनी पुस्तकाची पानं उलटली. “आपली थापी,” ते म्हणाले.

थंडीत सगळ्या टीमला फॅमिलीसकट पोर्तो दाखवून आणणार, असं कंपनीने कबूल केलं होतं. आई पक्की शाकाहारी. तिने त्याच रात्री तयारी सुरू केली आणि मनोऱ्याच्या चित्राखाली एक चिठ्ठी चिकटवली: बटाटा, पाव, कोबी, पेरू. पेरू त्या पुस्तकात नव्हता. तो तिने आपल्या मनाने घातला. “नावावरूनच कळतंय की त्यांचाच आहे,” ती म्हणाली. “एवढं मिळालं तरी माझे आठ दिवस निघतील.”

“आई, इट्स युरप, दे हॅव पिझ्झा,” मी म्हटलं होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही बर दुबईच्या देवळात जायचो. गल्लीत मोगऱ्याचे गजरे, उदबत्त्यांचा धूर, ओल्या नारळांचा वास, आणि चपलांच्या ढिगाऱ्यात स्वतःची जोडी शोधणारी माणसं. दर्शन झालं की मीना बाजारातून रमतगमत खाडीवर. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी उघडी लाकडी होडी. तिच्या फळीवर पाय सोडून बसलं की डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास एकदम यायचा. बाबा तेवढ्या पाच मिनिटांत सगळं पोर्तो उभं करायचे. ही खाडी म्हणजे त्यांची नदी. जुन्या घरावरच्या, वारा आत ओढणाऱ्या त्या बुरुजाच्या जागी क्लेरिगुश. पलीकडे देराच्या काठाला ती उंच, अरुंद, रंगीत घरं, एकमेकांना खेटून, आणि प्रत्येक गॅलरीत वाळत घातलेले कपडे. त्या कपड्यांवरून बाबांचं ऑफिसात भांडण झालं होतं. त्यांनी चित्रात चादरी आणि बनियन मन लावून काढले होते. मॅनेजरने ते बघितलं आणि हात जोडले. “हबीबी, नो लाँड्री! म्युनिसिपालिटी फाइन मारेल. खलास, पुसून टाक.” दुबईत गॅलरीत कपडे दिसलेले चालत नाहीत.

“कपड्यांशिवाय ते शहर कसलं? नुसता केक,” बाबा महिनाभर धुसफुसत होते. खोडरबराने त्यांनी एकेक बनियन पुसला, आणि मला वाटतं तेव्हाच त्यांच्या डोक्यात ती नथ आली असावी.

लिटल पोर्तोमध्ये त्यांचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे साव बेंतो स्टेशन. तिथल्या मोठ्या हॉलच्या भिंती वरपासून खालपर्यंत निळ्या चित्रांच्या टाइल्सनी भरलेल्या आहेत. लढाया, राजे, जत्रा, पाणचक्की, शेतातली माणसं. बाबांनी पहिल्यांदा द्राक्षांच्या तोडणीचा तुकडा घेतला. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका एका रांगेत बैलगाडीकडे निघाल्यात. जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरलेला असायचा आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. एका दुपारी मला दिसलं, रांगेतल्या शेवटच्या बाईच्या नाकात नथ आहे. मोत्यांची, ठसठशीत, आपल्यासारखी.

“बाबा, दे वेअर नथ इन पोर्तो?”

बाबा पेन्सिलीला टोक करत होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही. “घालतात की. गोव्यातून गेली असेल.”

मला ते पटलं. बटाटा आणि पाव तिकडून इकडे आले, तर एक नथ इकडून तिकडे जायला काय हरकत होती?

टाइल्स शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात तयार झाल्या. पत्र्याच्या शेडमध्ये मुलतानचे एक म्हातारे उस्तादजी होते, निळ्या कामात आयुष्य गेलेले. मला तिथे नेलं की ते आधी कडक चहा मागवायचे आणि मग कामाला हात लावायचे. भट्टीची धग, ओल्या मातीचा वास, ब्रशचा टाइलवर होणारा अगदी बारीक खसखस आवाज. तो रंग लावताना करडा दिसायचा, आमच्या कुसैसच्या धुळीसारखा. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “बेटी, आग में जाने से पहले नीला नहीं होता.” चित्र उतरवायची त्यांची रीत मला घरचीच वाटली. कागदावर रेघांवरून सुईने भोकं पाडायची, कागद टाइल्सवर ठेवायचा आणि वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. दिवाळीत आई दाराशी छापाची रांगोळी काढायची तसंच. बाबांनी त्या भोकांसाठी आईच्या शिवणाच्या सगळ्या सुया बोथट केल्या होत्या आणि त्यावरून बोलणी खाल्ली होती.

एका दुपारी उस्तादजींनी पुरचुंडी माझ्या हातात दिली. “लो, ये वाली तुम करो.” शेवटच्या बाईचा कागद वेगळा होता, चार टाइल्सचा. मी तो ठेवला, थाप थाप थाप केलं, उचलला. पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांची बाई उमटली. मी तेरा वर्षांची होते आणि त्या दिवशी घरी येईपर्यंत मी हात धुतले नाहीत.

मग फोन वाजायचे थांबले. मला तो मंदीचा क्रॅश एवढाच आठवतो. बाबा घरी असले की त्यांचा फोन सारखा वाजायचा, साइटवरून, शारजाहून, आणि एका महिन्यात तो गप्प झाला. क्रेन जागच्या जागी थांबल्या. आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये रोज कोणाचा तरी टीव्ही, कोणाचा तरी पलंग खाली जाताना दिसायचा. वर्गातल्या मुली एकेक करून कमी झाल्या. बाई हजेरी घेताना नाव घ्यायच्या आणि उत्तर यायचं नाही. लिटल पोर्तोची बांधून झाली होती एकच गोष्ट, साहेबांनी पास करावी म्हणून उभारलेली नमुन्याची ती भिंत. साइटवर तिला मॉक-अप म्हणायचे. पास करायला कोणी आलंच नाही.

बाबांची नोकरी गेली म्हणजे आईचा आणि माझा व्हिसाही गेला. आई जवळच्या शाळेत बालवर्गाला शिकवायची. तिला ते काम फार आवडायचं, ते घर आवडायचं, विमानांचा आवाजसुद्धा आवडायचा. “बाबांचं ठीक आहे, त्यांना पुणं आहे,” ती एकदा भांडी बांधताना म्हणाली, “माझं सगळं इथेच लागलं गं.” मी ऐकलं आणि हेडफोन लावले. मला माझंच दुःख पुरत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आईला आणि मला घेऊन बाबांनी गाडी काढली. परत करायच्या आधी तिची ती शेवटची फेरी. कुठे जायचं ते त्यांनी सांगितलं नाही. वाळूत त्या भिंतीसमोर गाडी थांबली. “चल, खाली ये,” ते म्हणाले. “तुझं काम बघ.”

“आय डोन्ट वाँट टू. एसी चालू ठेवा,” मी म्हटलं.

काचेतून मला दोघं पाठमोरे दिसत होते. बाबांनी कशाकडे तरी बोट दाखवलं. आई वाकली, मग सरळ झाली आणि खळखळून हसली. बाबांनी खिशात हात घातला तसा तिने त्यांचा हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, कारण काच बंद होती आणि माझ्या कानात गाणी होती. ती गाडीत परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि वाळू गेली, असं ती म्हणाली.

मी गाडीतून उतरले नाही. आयुष्यात बऱ्याच गोष्टी चुकल्या, पण त्या दोन मिनिटांएवढी दुसरी कुठली मला टोचत नाही.

पुण्यात आईने एका बालवाडीत पुन्हा शिकवलं. तिथल्या मुलांना ती चुकून यल्ला, यल्ला म्हणायची. मी शिकले, नोकरी शोधत शोधत पुन्हा इथेच आले आणि तिच्याशी रोज बोलताना सांगायचे, आई, आज खाडीवर गेले होते, आज कुसैसवरून गेले, आपली गॅलरी दिसली. ती विचारायची, “आणि भिंत?” मी म्हणायचे, आहे, लांबून दिसते, जाऊन येते एकदा. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तोपर्यंत मी गेले नव्हते.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी एकटीच पोर्तोला गेले. मला ते शहर दाखवायला कोणाची गरज पडली नाही. क्लेरिगुशच्या पायऱ्या धापा टाकत चढले. लाल जिना जिथे वळतो तिथे न बघता वळले. सोन्याच्या चर्चमध्ये मला बाथरूमचं दार आठवून हसू आलं आणि बाजूच्या बाईने रागाने बघितलं. जुन्या शेअर बाजाराच्या महालात एक अरबी दिवाणखाना आहे, छतापासून जमिनीपर्यंत नक्षी, भिंतीवर अरबी अक्षरं. आम्ही यांची नक्कल करत होतो आणि यांनी कधीच अरबांची करून ठेवली होती. तिथे उभं राहून मला बर दुबईची इतकी आठवण आली की मी बाहेर येऊन बसले. नदीकाठी मात्र सगळ्या गॅलऱ्यांत कपडे होते. चादरी, मोजे, बनियन. बाबांचं बरोबर होतं.

एका हॉटेलच्या फळ्यावर ‘पेरू’ दिसला. मी आनंदाने मागवला. वाढणाऱ्या पोरीने पावात घालून मांस आणून ठेवलं. त्यांच्या भाषेत पेरू म्हणजे टर्की, तो मोठा कोंबडा. मी एकटीच मोठ्याने हसले आणि आईला सांगायला फोन उचलला. तिचं नाव काढलं आणि मग कळलं मी काय करतेय. तो पाव तसाच ठेवून उठले.

साव बेंतो मी शेवटी ठेवलं होतं. हॉलमध्ये गाड्यांच्या घोषणा, चाकांच्या बॅगा, आणि वरपर्यंत चढलेला तो निळा. द्राक्षांची तोडणी मी लगेच ओळखली. बैलगाडी, टोपल्या, बायका. रांगेतली शेवटची बाई बघितली, नथ नव्हती. पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. जत्रेतल्या बायका बघितल्या, पाणचक्कीजवळच्या बघितल्या. तासभर मान वर करून मी त्या हॉलमध्ये फिरत होते. मग बाबांना फोन लावला.

“बाबा, ती नथवाली बाई कुठल्या बाजूला आहे?”



“ती तिथे नाहीये गं,” बाबा म्हणाले.

“म्हणजे? गोव्यातून गेलेली?”

“ती कुसैसला होती. आपल्या किचनमध्ये.”

तिथेच, त्या गर्दीत, बॅगेवर बसून मी रडले. किती साधी गोष्ट होती, आणि मला कळायला एवढं अंतर जावं लागलं.

म्हणून कुंपण दिसल्यावर मी दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली. छन्नी, हातोडी आणि जुने टॉवेल घेऊन गेले. गेटवर नेपाळचे एक सिक्युरिटी गार्ड खुर्ची टाकून बसले होते. त्यांना सगळं सांगितलं, हिंदीत, अर्धवट रडत. ते म्हणाले, “अगले हफ्ते जेसीबी आएगा मॅडम. ले जाइए, वैसे भी मलबे में जाएगा.” वर स्वतःची खुर्ची चढायला दिली.

जवळ गेल्यावर भिंत खूप लहान वाटली. खालच्या टाइल्स वाळूने घासून पुसट झालेल्या, एक कोपरा उडालेला. पण निळा निळाच होता. बायका डावीकडे, बैलगाडीकडे निघालेल्या. मी रांगेच्या शेवटी गेले आणि तिथेच थांबले. शेवटची बाई उलटी होती. सगळ्यांनी गाडीकडे तोंड केलेलं, हिने एकटीने गाडीकडे पाठ करून उजवीकडे पाऊल टाकलेलं. हनुवटी आईची, टोपली धरलेला हात आईचा, बांगडीसकट. आणि नथ उजव्या नाकात. आपल्याकडे ती डावीकडे घालतात, हे मला आता कळतं. माझे काळे हात मला आठवले. कागद मी पालथा ठेवला होता.

मी खुर्चीवर बसले आणि इथे व्हिडिओ कॉलला बंदी नसलेल्या एका ॲपवरून बाबांना कॅमेरा लावला. त्यांना भिंत दाखवली. ते चष्मा लावून स्क्रीनच्या अगदी जवळ आले.

“बाबा, हे मी केलं?”

“तूच. भट्टीत जायच्या आधीच उस्तादजींच्या लक्षात आलं होतं. पुसून परत करतो म्हणाले. तू एवढी खुशीत होतीस, मी म्हटलं राहू द्या.”

“आईने त्या दिवशी बघितलं ना?”

“बघितलं की. हसली किती! म्हणाली, ‘अहो, नथ उजवीकडे? आणि ही बाई उलटी चाललीय कुठे?’ मी खिशातून छन्नी काढत होतो. म्हटलं काढून पुण्याला नेऊ. तर तिने माझा हात धरला. म्हणाली, ‘राहू दे तिला. आपल्यातली एक तरी...’”

बाबा वाक्याच्या मध्यावर थांबले. सवयीने मीही थांबले, विमान जायची वाट बघत. मग लक्षात आलं, आमच्या पुण्याच्या घरावरून विमानं जात नाहीत.

“‘...एक तरी राहील इथे,’” बाबांनी तिथूनच पुढे सुरू केलं. “‘तिला कुठे व्हिसा लागतोय!’”

वाळूतून कुठलासा ट्रक गेला. गार्ड दुसरीकडे बघत उभे होते.

“मी पुढच्या महिन्यात येतेय ना,” मी कसंबसं म्हटलं. “घेऊन येते तुमच्याकडे.”

बाबांना ती हवी होती. स्क्रीनवरून त्यांची नजर हलत नव्हती, हे मला दिसत होतं. “नको,” ते म्हणाले. “इकडे आणू नकोस. तुझ्याकडे ठेव. तिला तिथेच राहायचं होतं.”

इतक्या वर्षांनी सिमेंटने धरून ठेवलंच नव्हतं. छन्नी लावताच चारही टाइल्स सुटून हातात आल्या. मी त्या टॉवेलमध्ये गुंडाळल्या आणि घरी येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत जुळवून उभ्या केल्या. व्हिसा आहे तोवर, अजून दोन वर्षं, या खिडकीवर माझं नाव आहे, पुढचं इन्शाल्ला. फोडणी दिली की ती जरा धुरकटते, मग मी ओल्या फडक्याने पुसते. तिच्या मैत्रिणी आता भिंतीसकट जातील, सगळ्या गाडीकडे तोंड करून. मी एकदा कागद पालथा ठेवला होता, म्हणून ही मागे राहिली.